मोठ्याला कात्री नको, लहानाला पट्टी द्या

मंडळी, गोधडी शिवायला बसलं की घरातले जुने तुकडे बाहेर निघतात. आजीचं लुगडं, धोतराचा धड राहिलेला भाग, नातवाचं झबलं. एक तुकडा १२ इंच उंच, दुसरा ९, तिसरा ७. एकाचं माप दुसऱ्याला नाही. नवखा हात काय करतो? कात्री घेतो आणि सगळे ७ इंचांचे करून टाकतो. माप जुळलं, पण कापड किती वाया गेलं! दुसरा कोणी लहान तुकडाच ओढूनताणून बसवतो. तिथं कायमचा झोळ पडतो.

जाणती बाई आधी ओळ लावते. एका ओळीत उंची सारखी हवी, रुंदी कितीही असो. ओळीतला मोठा तुकडा माप ठरवतो, लहानाला पट्टी जोडायची. आता हिशेब ऐका. ९ इंचांचा तुकडा १२ चा करायचा, तर पट्टी किती? तुम्ही म्हणाल ३. जोडून बघा, ११ च भरतील! कारण शिवणीत अर्धा इंच तुकड्याचा जातो, अर्धा पट्टीचा. म्हणून पट्टी ४ इंचांची घ्यायची. ओळ लांबीला कमी पडली तर टोकाला पट्टी द्यायची, मग ओळीला ओळ जोडायची.

हा अर्धा इंच लक्षात ठेवा, माऊली. जोडायचं म्हणजे दोघांनीही आपला काठ थोडा सोडायचा. त्यातून मोठा तुकडाही सुटत नाही.

मग खाली अस्तर, मध्ये जुनी लुगडी, वर हे जोडकाम. आधी कच्चे टाके, नंतर सगळ्या थरांतून धावदोरा. जिथं दोरा गेला नाही, तिथं धुताना आतलं कापड गोळा होतं.

आपला संप्रदाय अशीच गोधडी आहे. नामदेवराय शिंपी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, सेना महाराज न्हावी, जनाबाई दासी. माप वेगळं, नामाचा दोरा एक. पण एक टाका आपण चुकवला. चोखोबांची समाधी आजही महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे. देवळात त्यांना जागा नव्हती. त्यांच्यासारख्या भाविकांना दार उघडावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा ते उघडलं. देवानं कोणाला बाहेर ठेवलं नव्हतं, बाबांनो. शिवणारे हात आपले होते.

म्हणून यंदा दिंडीत कोणी नवखा आला, टाळ चुकला, चालताना मागं पडला, तर त्याला ओळीबाहेर काढू नका. शेजारच्यानं आपला पाय थोडा आखडता घ्यावा. द्यायचा तो अर्धा इंच एवढाच.

रामकृष्णहरि.