ऑनलाइन कॅसिनोत पैसे अडकले : कोणते परत येतात, कोणते येत नाहीत आणि तक्रार कुठे करायची?

ग्रामीण वार्ताहर

खात्यातून पैसे गेले, पण कॅसिनोच्या ॲपमध्ये दिसत नाहीत. किंवा ॲपमध्ये जिंकलेले पन्नास हजार दिसतात, पण खात्यात रुपया येत नाही. किंवा पैसे आले आणि चार दिवसांनी बँकेने खातेच अडवून ठेवले. मोबाईलवरच्या कॅसिनोत पैशाचे भांडण होते ते बहुतेक या तीन वाटांनी. अडचण अशी की माणूस लाजेने घरात बोलत नाही, बँकेत जात नाही, आणि बोलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आधी एक भीती काढून टाका. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मंजुरी झाली. खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा, पैसे लावले की तो या कायद्यात येतो. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. पैशाचे व्यवहार करून देणाऱ्यालाही शिक्षा आहे. पण नुसता खेळला म्हणून खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. त्यामुळे ‘तक्रार केली तर मलाच आत टाकतील’ या धाकाने गप्प बसू नका. ॲपवाले एजंट हाच धाक दाखवतात.

तुमचे पैसे नेमके जातात कुठे?

किराणा दुकानात कोड स्कॅन केला की पैसे दुकानदाराच्या खात्यात जातात. कॅसिनोच्या ॲपमध्ये तसे नसते. ‘डिपॉझिट’ दाबले की एक यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक समोर येतो आणि तो दर वेळी बदलतो. आज कुठल्या तरी ट्रेडर्सचे नाव, उद्या एखाद्या अनोळखी माणसाचे. ही बहुतेक भाड्याची खाती असतात. कोणीतरी दोन-पाच हजारांसाठी आपले पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याला देऊन टाकलेले असते. पैसे त्या खात्यात पडले की थोड्याच वेळात पुढच्या खात्यात, तिथून तिसऱ्या खात्यात पळवले जातात.

म्हणजे बँकेच्या कागदावर तुम्ही कॅसिनोला पैसे दिलेच नाहीत, एका माणसाला दिले. पुढची सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते. पैसे परत मिळतील का, हे तुमचा प्रकार खालीलपैकी कोणता यावर ठरते.

प्रकार १ : पैसे कापले गेले, पण समोर पोचलेच नाहीत

व्यवहार ‘पेंडिंग’ किंवा ‘फेल’ दाखवतो, पण खात्यातून रक्कम गेली. हा सगळ्यात सोपा प्रकार. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे समोर जमा झाले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. व्यवहार दुकानदार म्हणून नोंदलेल्या खात्याशी असेल तर मुदत पाच दिवसांची. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची आहे.

यात कॅसिनोच्या ‘कस्टमर केअर’शी बोलायची गरजच नाही. ज्या यूपीआय ॲपमधून पैसे पाठवले त्यातल्या व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवा आणि मुदत उलटली की बँकेत लेखी अर्ज द्या.

एक गोष्ट नीट बघा. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये व्यवहार ‘सक्सेस’ दाखवत असेल आणि फक्त कॅसिनोच्या वॉलेटमध्ये रक्कम दिसत नसेल, तर तो हा प्रकार नव्हे. पैसे समोरच्याला पोचले आहेत. तो प्रकार तिसरा.

प्रकार २ : पैसे मी पाठवलेच नाहीत

लिंकवरून ॲपची फाईल उतरवली, मोबाईल दुसऱ्याच्या ताब्यात गेला आणि खाते रिकामे झाले. किंवा कार्डाचा नंबर एकदा दिला होता आणि नंतर न विचारता पैसे कापले गेले. याला अनधिकृत व्यवहार म्हणतात. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक यासाठी आहे. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ ला निघाले.

नियम असा : चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, मध्येच कुठेतरी घोटाळा झाला आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवले, तर तुमचे नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर थोडा भार तुमच्यावर येतो. जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला तो जास्तीत जास्त ५,००० रुपये, साध्या बचत खात्याला १०,००० रुपये. सात दिवसांनंतर बँकेचे धोरण असेल तसे. तक्रार आल्यावर बँकेने दहा कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करणे बँकेचे काम आहे.

पण ओटीपी किंवा पिन तुम्हीच कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणून अशा वेळीही एक तासाने फरक पडतो.

आपल्याकडे इथे एक नाजूक गोष्ट असते. वडिलांचा मोबाईल, वडिलांचे खाते, दुधाचे नाहीतर उसाच्या बिलाचे पैसे, आणि पिन मुलाला पाठ. मुलाने कॅसिनोत लावले तर बँक त्याला अनधिकृत मानेल ही आशा धरू नका. पिन घरातल्याला दिला म्हणजे तो दिलाच. आणि अशा वेळी ‘आम्ही केलंच नाही’ अशी खोटी तक्रारही करू नका. व्यवहार कुठल्या मोबाईलवरून झाला, पिन टाकला होता का, हे बँकेला दिसते. खोटी माहिती दिल्याने खरी तक्रारही पडते, वर गुन्हा होतो तो वेगळाच.

प्रकार ३ : पैसे मीच पाठवले, पण आता अडवून ठेवलेत

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून यातले तीन धागे वेगळे करू.

खेळून हरलेले पैसे : हे परत येत नाहीत. क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने भरले असतील तर ‘चार्जबॅक’ नावाची सोय असते, पण ती दोनदा पैसे कापले, सेवाच मिळाली नाही अशा कारणांसाठी. हरलो हे कारण त्यात बसत नाही. यूपीआयने दुसऱ्याला पाठवलेले पैसे ‘मन बदललं’ म्हणून बँक ओढून आणू शकत नाही.

जिंकलेले पैसे : स्क्रीनवर दिसणारा आकडा म्हणजे तुमची रक्कम नव्हे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल आहे आणि पैजेत जिंकलेल्या पैशासाठी कोर्टात दावा लावता येत नाही. त्या आकड्यामागे लागून घरचे पैसे घालवू नका.

फसवून घेतलेले पैसे : डिपॉझिट घेतले आणि वॉलेटमध्ये टाकलेच नाही. किंवा विड्रॉल मागितला तर ‘आधी ३० टक्के टॅक्स भरा’, ‘खाते पडताळणीसाठी दहा हजार टाका’ असे सांगून आणखी पैसे उकळले. ही सरळ फसवणूक आहे, आणि तक्रार करायची ती याचीच. टॅक्सचे सांगायचे तर ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आहे हे खरे, पण टीडीएस देणाऱ्याने रकमेतून कापून घ्यायचा असतो. कोणाच्या यूपीआयवर आधी भरायला लावला, की तो टॅक्स नाही, लूट आहे.

अशा वेळी पहिला फोन १९३० ला. हा सायबर आर्थिक फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. तक्रार सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावरही नोंदवता येते. तिथून तुमच्या व्यवहाराचा निरोप ज्या बँकेत पैसे गेले तिथे जातो आणि खात्यात रक्कम शिल्लक असेल तर तेवढी अडवली जाते. पुढच्या बँकेत गेली असेल तर निरोप तिकडे जातो. पण एटीएममधून नोट बाहेर पडली की ती अडवता येत नाही. म्हणून ‘उद्या सकाळी तालुक्याला जाऊन बघू’ असे करू नका. फोन आत्ता, अर्ज उद्या.

अडवलेली रक्कम लगेच तुमच्या खात्यात येत नाही. ती सोडवण्यासाठी साधारणपणे न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली तसा अर्ज करता येतो. वकील परवडत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. मोफत कायदेशीर मदतीचा क्रमांक १५१०० आहे.

प्रकार ४ : पैसे आले, आणि खाते अडकले

याचा विचार खेळणारा कधीच करत नाही. कॅसिनो तुम्हाला विड्रॉल देतो तेव्हाही पैसे भाड्याच्या खात्यातूनच येतात. ते पैसे दुसऱ्याच कोणाला फसवून घेतलेले असू शकतात. त्या माणसाने त्याच्या राज्यात तक्रार केली की माग काढत काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक खाते ‘होल्ड’ करते. तुम्हाला मिळालेले असतात तीन हजार, पण अडकते सगळे खाते. त्यात पीएम किसानचा हप्ता असतो, दुधाचा पगार असतो, पीक कर्जाची रक्कम असते.

पोलिसांना हा अधिकार आहे. बँक खाते ही कायद्याच्या दृष्टीने मालमत्ताच आहे आणि तपासात ती गोठवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९९९ मध्ये स्पष्ट केले आहे. पण केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बँकांना असेही सांगितले, की होल्ड वादातल्या रकमेपुरताच ठेवावा.

म्हणून शाखेत जाऊन आरडाओरडा न करता लेखी विचारा : होल्ड कोणत्या पोलीस ठाण्याने सांगितला, तक्रार क्रमांक काय, रक्कम किती? त्याच अर्जात वादातली रक्कम सोडून बाकी खाते मोकळे करण्याची विनंती करा. मग त्या पोलीस ठाण्याच्या तपास अधिकाऱ्याला पैसे कसे आले ते खरे-खरे लेखी कळवा, पासबुकाची नक्कल जोडा. इथे ‘शेतमाल विकला’ अशी थाप मारली तर बाजार समितीची पट्टी मागतात.

आणि स्वतःचे खाते कोणाला भाड्याने दिले असेल तर तुम्ही फसलेले नाही, साखळीतला भाग ठरता. गावात पासबुक आणि सिमचे पैसे देणारा कोणी फिरत असेल तर पोरांना आधीच सांगून ठेवा.

एवढे करू नका

‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला फी देऊ नका. एकदा फसलेल्यांचे नंबर पुढे विकले जातात आणि दुसरी फसवणूक तिथून सुरू होते. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. रिफंडच्या नावाखाली मोबाईलचा स्क्रीन दाखवायचे कोणतेही ॲप टाकू नका. आणि रागाच्या भरात कॅसिनोचे ॲप, चॅट, मेसेज पुसून टाकू नका, तोच पुरावा आहे.

तक्रारीला जाताना सोबत काय न्यायचे?

- व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि १२ आकडी यूटीआर क्रमांक, प्रत्येक व्यवहाराचा वेगळा
- ज्या यूपीआय आयडीला किंवा खात्याला पैसे गेले त्याचा स्क्रीनशॉट
- एजंटशी झालेले चॅट आणि त्याचा नंबर
- भरून घेतलेले पासबुक किंवा खाते उतारा
- १९३० ची तक्रार नोंदवल्यावर मिळालेला क्रमांक

बँकेतला अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ‘साहेबांशी बोललोय’ याला पुढे कुठेच किंमत नाही, पोच असेल तर आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. त्यासाठी सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन हे संकेतस्थळ आहे. माहितीसाठी १४४४८ ला फोन लावा. नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांचे ग्राहकही या योजनेत आले आहेत. मात्र लोकपाल बँकेची चूक बघतो, कॅसिनोची नाही.

घरात कोणी असा अडकला असेल तर आधी त्याच्याकडून यूटीआर क्रमांक घ्या आणि १९३० ला फोन लावा. रागवायचे ते नंतर रागवा. बोलणी बसतील या भीतीनेच माणूस गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यात पैसे तीन खाती पुढे निघून जातात.