सम्राटगीताची चाल

सम्राटगीताची चाल ही ऑस्ट्रियन संगीतकार योझेफ हायडन यांची स्वररचना असून तीच आज जर्मनीच्या राष्ट्रगीताची चाल आहे. सम्राटाच्या रक्षणाची प्रार्थना म्हणून जन्मलेली ही चाल पुढे साम्राज्य, प्रजासत्ताक, हुकूमशाही आणि लोकशाही अशा परस्परविरोधी राजवटींत गायली गेली.

रचना

इंग्लंडमधील वास्तव्यात हायडन यांनी तेथील राजगीत ऐकले होते. नेपोलियनच्या फौजा ऑस्ट्रियाला आव्हान देत असताना आपल्या देशासही असे गीत असावे, या विचारातून ही चाल तयार झाली. शब्द लोरेन्झ लेओपोल्ड हाश्का यांचे होते. सम्राट दुसरा फ्रान्झ याच्या वाढदिवशी, १२ फेब्रुवारी १७९७ रोजी, ते व्हिएन्नात प्रथम गायले गेले.

त्याच सुमारास हायडन यांनी ही चाल आपल्या एका स्ट्रिंग क्वार्टेटच्या (ओपस ७६, क्र. ३) दुसऱ्या भागात योजली. तेथे दोन व्हायोलिन, व्हिओला व चेलो ही वाद्ये आळीपाळीने चाल वाजवतात. चाल जवळजवळ न बदलता भोवतीची साथ तेवढी बदलत जाते. मे १८०९ मध्ये व्हिएन्ना फ्रेंचांच्या ताब्यात असताना वृद्ध हायडन ही चाल पियानोवर वाजवीत असत. ३१ मे रोजी त्यांचे निधन झाले.

जर्मनीतील स्वीकार

२६ ऑगस्ट १८४१ रोजी हेल्गोलांड बेटावर कवी हॉफमन फॉन फालर्सलेबेन यांनी याच चालीवर तीन कडव्यांचे जर्मन गीत लिहिले. त्या वेळी जर्मन प्रदेश अनेक संस्थानांत विभागलेला होता. संस्थानांहून एकसंध जर्मनी थोर, असा पहिल्या कडव्याचा मूळ आशय होता. १९२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट यांनी या गीतास राष्ट्रगीताचा दर्जा दिला. नाझी राजवटीत पहिले कडवे पक्षगीताला जोडून गायले जाई. त्यामुळे त्याला इतर देशांवरील वर्चस्वाचा अर्थ चिकटला.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष थेओडोर हॉयस यांनी नवे राष्ट्रगीत सुचविले, परंतु लोकांनी ते स्वीकारले नाही. अखेर १९५२ मध्ये चान्सलर कोनराड आडेनाउअर यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातून जुने गीत कायम राहिले. मात्र शासकीय समारंभांत फक्त तिसरे कडवे गावे, असे ठरले. एकता, न्याय आणि स्वातंत्र्य हा या कडव्याचा विषय आहे. पूर्व जर्मनीने हान्स आइस्लर यांच्या चालीचे स्वतंत्र राष्ट्रगीत स्वीकारले होते. एकीकरणानंतर, १९९१ मध्ये, हायडन यांच्या चालीवरील तिसरे कडवे हेच जर्मनीचे राष्ट्रगीत ठरले.

ऑस्ट्रियातील अखेर

ऑस्ट्रियात ही चाल १९१८ मध्ये साम्राज्याबरोबर मागे पडली. पुढे ओटोकार केर्नस्टॉक यांच्या शब्दांसह ती परत आली आणि १९३८ मध्ये देश जर्मनीत विलीन होईपर्यंत टिकली. १९४५ नंतर मात्र ती जर्मनीशी इतकी निगडित झाली होती, की ऑस्ट्रियाने दीर्घकाळ मोझार्टची मानली गेलेली दुसरी चाल निवडली. अशा रीतीने जन्मभूमीने सोडलेली ही चाल शेजारच्या देशाची ओळख बनली.

महत्त्व

राष्ट्रगीताचा अर्थ केवळ सुरांत नसतो, तर शब्द, प्रसंग आणि गाणारे यांवरही ठरतो, याचे हे ठळक उदाहरण आहे. युद्धोत्तर जर्मनीने चाल न टाकता कडवे निवडून हा प्रश्न सोडविला.