आधी कार्ड, मग पाना

सौदी अरेबियात प्लंबर म्हणून जायचे तर भारतीय कारागिराला आता विमानात बसण्याआधी परीक्षेला बसावे लागते. तिथल्या सरकारने परदेशी कामगारांसाठी कौशल्य पडताळणी सुरू केली, तेव्हा भारतातून जाणाऱ्यांसाठी पहिल्या फेरीत पाच व्यवसाय निवडले. वीजतंत्री, वेल्डर, एसी-फ्रिज दुरुस्त करणारा आणि गाड्यांचे वायरिंग करणारा यांच्या जोडीला त्यात प्लंबर होता. आधी लेखी प्रश्न सोडवायचे, मग परीक्षकासमोर हाताने काम करून दाखवायचे. याच कारागिराला मुंबईत किंवा पुण्यात एखाद्या घरातली सगळी लाइन उखडून नवी टाकायची असेल, तर मात्र कुठलाच कागद लागत नाही. घरमालक त्याला दोनच गोष्टी विचारतो : किती घेणार आणि कधी येणार. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर कोणी विसंबत नाही, हा भाग वेगळा.

विजेच्या कामाचे तसे नाही. महाराष्ट्रात तारतंत्र्याला आणि वीज ठेकेदाराला सरकारच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना घ्यावा लागतो आणि नव्या घराचा मीटर मागताना अशा ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडावा लागतो. पाण्याच्या कामालाही परवाना आहे, पण तो उंबऱ्याबाहेरचा. महापालिकेच्या जलवाहिनीवरून नवी नळजोडणी घ्यायची तर अर्ज परवानाधारक प्लंबरमार्फत जातो. मीटर ओलांडून पाणी घराकडे निघाले की पुढे टाकीपासून न्हाणीघरापर्यंत सगळा कारभार अनुभवाच्या हवाली. आणि परवाना लागतो तिथेही अर्जावरची सही एकाची आणि पाना दुसऱ्याच्या हातात, हे चित्र काही नवे नाही.

विजेचा झटका जागच्या जागी जीव घेतो, म्हणून तिची भीती बसली. नळ फार तर गळेल, शेजाऱ्याच्या छताला ओल येईल, सोसायटीच्या सभेत भांडण होईल. याहून जास्त काय व्हायचे, असा सर्वसाधारण समज. हाँगकाँगला २००३ साली या समजाची जबर किंमत मोजावी लागली. अमॉय गार्डन्स नावाच्या उंच इमारतींच्या वसाहतीत त्या मार्चमध्ये सार्सचा एक रुग्ण नातेवाइकांकडे आला. त्याला जुलाब होत होते. त्याने तिथला संडास वापरला. पुढच्या काही आठवड्यांत वसाहतीतल्या तीनशेहून अधिक रहिवाशांना लागण झाली आणि चाळीसहून अधिक माणसे दगावली. रुग्ण ज्यांच्या जवळपासही फिरकला नव्हता, अशी ही माणसे होती. तपास करणाऱ्यांचे बोट शेवटी बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीकडे गेले. लोक फरशी धुण्याऐवजी पुसत असल्यामुळे जाळीखालच्या वाकड्या नळीतले पाणी आटून गेले होते. मैल्याच्या उभ्या पाइपातली हवा अडवायला काहीच उरले नव्हते, आणि एक्झॉस्ट फॅन सुरू केला की तीच हवा, तिच्यातल्या जंतूंसकट, घरात ओढली जात होती.

आपल्याकडे प्लंबर त्या वाकड्या नळीला नहाणी ट्रॅप म्हणतात. तिच्यात जेमतेम दोन इंच उंचीचे पाणी कायम उभे असते आणि तेवढेच पाणी घर आणि गटार यांच्यामधली भिंत असते. ते पाणी तिथे का आहे हे ज्याला शिकवलेले आहे, तो ट्रॅपला हात लावताना विचार करतो. ज्याला फक्त ‘चोकअप’ काढायचा आहे, तो ट्रॅप वगळून सरळ पाइप जोडून मोकळा होतो. तुंबणे थांबते, पैसे मिळतात, आणि झुरळे व वास यांचा रस्ता कायमचा खुला होतो. संडासाच्या पाइपाला वर गच्चीपर्यंत नेलेली हवेची नळी असते, तिचीही हीच गत. वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर खाली धावणारे पाणी मागे पोकळी सोडते आणि खालच्या मजल्यांवरच्या ट्रॅपमधले पाणी शोषून नेते. ते होऊ नये म्हणून ती नळी. पण ती दिसत नाही, तिच्यातून काही वाहत नाही, म्हणून खर्च वाचवताना पहिली कात्री तिच्यावर चालते.

आपल्या शहरांत पाणी दिवसातले काही तासच येते, त्यामुळे आणखी एक धोका. पाणी गेल्यावर लाइनमध्ये पोकळी होते. अशा वेळी कोणी नळाला जोडलेली रबरी नळी मळक्या बादलीत बुडवून ठेवली असेल, तर बादलीतले पाणी उलटे लाइनमध्ये शिरू शकते. टाकीत पाणी सोडणाऱ्या नळाचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायचे, मध्ये हवेचे अंतर राखायचे, हा नियम त्यासाठीच आहे. राष्ट्रीय इमारत संहितेचा, म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोडचा, नववा भाग याच विषयाला वाहिलेला आहे. तो वाचलेला मिस्त्री शोधायला निघालात, तर बराच वेळ हाताशी ठेवा.

शिकण्याची सोय नाही, असे मात्र नाही. कारागीर प्रशिक्षण योजना देशात १९५० पासून चालू आहे आणि आयटीआयमध्ये ‘नळ कारागीर’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. पाइप शिकंजात धरून हॅक्सॉने सरळ कापणे, डायने आटे पाडणे, सीपीव्हीसीचे जोड, पंप बसवणे, मैलापाण्याच्या पाइपाला किती उतार द्यायचा याचा हिशेब, नकाशा वाचणे, असे बरेच काही त्यात येते. अखेरीस अखिल भारतीय परीक्षा आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली एखाद्या कंपनीत काम करत शिकण्याचीही वाट आहे. जलजीवन मिशनने २०१९ पासून गावोगावी घरात नळ पोचवायला घेतल्यावर ते चालू ठेवायला माणसे हवीत, हे ध्यानात आले आणि ‘नल जल मित्र’ नावाने गावातल्याच लोकांना नळकाम, पंप आणि गवंडीकामाचे प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम सुरू झाला.

तरीही बहुतेक प्लंबर शाळेत घडत नाहीत. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्याचेच पाहा. पट्टामुंडाई आणि औल भागातले प्लंबर दिल्लीपासून मुंबईपर्यंत आणि पुढे आखातातही भेटतात. काका पुतण्याला हेल्पर म्हणून नेतो, पुतण्या काही वर्षे पाइप उचलतो, मग पाना हातात येतो. या परंपरेचा मान राखत ओडिशा सरकारने पट्टामुंडाईलाच प्लंबिंगची स्वतंत्र राज्य संस्था काढली. हाताने शिकलेल्यांना अडाणी ठरवून बाजूला सारू नये, यासाठी केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून आणखी एक दार उघडले आहे. जे आधीपासून काम करतात त्यांनी थोडे दिवस प्रशिक्षण घ्यायचे, चाचणी द्यायची आणि प्रमाणपत्र घ्यायचे. कल्पना चांगली आहे. अडचण पुढे येते. प्रमाणपत्र खिशात असलेला आणि नसलेला, दोघेही नाक्यावर उभे राहिले तर दोघांना मजुरी तीच मिळते. मग पोराने एक वर्ष आयटीआयत का घालवावे, याचे उत्तर सल्ला देणाऱ्यांकडे नसते.

ब्रिटनला हे उत्तर एका स्फोटाने शिकवले. १६ मे १९६८ च्या पहाटे लंडनच्या पूर्व भागातल्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावरच्या एका बाईंनी चहासाठी शेगडी पेटवली. रात्रभर गॅस गळत होता. स्फोटाने बाहेरच्या भिंती उडाल्या आणि त्यांच्या आधारावर उभा असलेला इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार जण मरण पावले. शेगडी पेटवणाऱ्या बाई वाचल्या. चौकशीत दोष दोन ठिकाणी सापडला : इमारतीच्या बांधणीत, आणि शेगडीच्या नळीला जोडणाऱ्या एका निकृष्ट पितळी नटमध्ये. इमारत नवी कोरी होती, लोक राहायला येऊन फार दिवसही झाले नव्हते.

त्यानंतर १९७० मध्ये गॅसकाम करणाऱ्यांची ‘कॉर्गी’ ही नोंदणी सुरू झाली. आधी ती ऐच्छिक होती, १९९१ मध्ये सक्तीची झाली आणि २००९ च्या एप्रिलपासून तिची जागा ‘गॅस सेफ रजिस्टर’ने घेतली. आज तिथे या नोंदवहीत नाव नसताना पैसे घेऊन कोणाच्या घरातल्या गॅसच्या जोडणीला हात लावणे हा गुन्हा आहे. नाव कायम ठेवायचे तर दर पाच वर्षांनी पुन्हा परीक्षा. प्रत्येकाकडे फोटो असलेले कार्ड असते, आणि खरी गंमत कार्डाच्या मागच्या बाजूला आहे. तिथे त्या माणसाला कुठली कामे करता येतात, ते लिहिलेले असते. शेगडी जोडणारा बॉयलर उघडू शकेलच असे नाही. घर भाड्याने देणाऱ्याला घरातली गॅसची उपकरणे दरवर्षी अशाच कार्डवाल्याकडून तपासून घ्यावी लागतात. गॅसचा पाइप जोडून झाला की मॅनोमीटर लावायचा, दाब स्थिर होऊ द्यायचा आणि मग दोन मिनिटे काटा हलतो का ते पाहायचे, हे तिथल्या शिकाऊ मुलाला झोपेतही यावे लागते. मजा अशी की याच ब्रिटनमध्ये नुसते पाण्याचे काम करणारा कोणीही स्वतःला प्लंबर म्हणवू शकतो. कायद्याने तिथे गॅसलाच कुंपण घातले. न्यूझीलंड त्यापुढे गेले. तिथे प्लंबर, गॅसफिटर आणि सांडपाण्याचे पाइप टाकणारा या तिघांवर एकच मंडळ आणि २००६ चा एकच कायदा आहे.

आपल्याकडे पाइपातून येणारा गॅस तुलनेने शिस्तीत आला. मुंबईत महानगर गॅस, पुण्यात एमएनजीएल, वर पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचे सुरक्षा-नियम. घरात पाइप आणणारी माणसे कंपनीच्या ठेकेदाराची असतात, आणि शहरी गॅसवाहिनीवरच्या पाइप फिटरसाठी वेगळा कौशल्य अभ्यासक्रमही आहे. घरातल्या शेगडीपर्यंत गॅस सुमारे २१ मिलिबार इतक्या सौम्य दाबाने येतो. गोंधळ सुरू होतो तो कंपनीची माणसे निघून गेल्यावर. स्वयंपाकघराचे नूतनीकरण निघते, इंटिरियरवाला मीटर कपाटात बंद करतो, पाइप प्लायच्या मागे लपवतो, एखादा उत्साही मिस्त्री व्हॉल्व्ह चार इंच सरकवूनही देतो. कंपन्या हे करू नका म्हणून सांगत असतात. कपाट मात्र सुंदर दिसते.

गॅस गिझरला तर कोणी वालीच नाही. त्याच्यात एका बाजूने पाणी जाते, दुसऱ्या बाजूने सिलिंडरचा गॅस. दुकानातून खोका येतो, पाण्याची लाइन जोडायला प्लंबर बोलावतात आणि तोच रबरी नळी ओढून रेग्युलेटरही बसवतो. त्याला गॅसचे काही शिकवलेले नसते, आणि गॅस एजन्सीच्या मेकॅनिकला तिथे कोणी बोलावत नाही. बाथरूम लहान, हिवाळ्यात खिडकी बंद, एकामागून एक चौघांच्या अंघोळी. ज्योत खोलीतला प्राणवायू खात राहते, ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. गॅस गळला तर कळावा म्हणून त्यात मर्कॅप्टनचा उग्र वास मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणसाला आधी डोके जड वाटते, मग पायांतले बळ जाते आणि कडी काढायला हात उठत नाही. दर हिवाळ्यात अशी एखादी बातमी येते, तिच्यात ‘गुदमरून’ हा शब्द असतो आणि गिझर कोणी बसवला याचा उल्लेख नसतो.

अशा वेळी आणखी प्रशिक्षण केंद्रे काढा, ही मागणी ठरलेली असते. केंद्रे आहेत. उणीव आहे ती कार्ड मागणाऱ्याची. विजेच्या जोडणीला चाचणी अहवाल लागतो, तसा गॅस गिझरच्या जोडणीलाही सक्तीचा करता येईल, आणि त्यासाठी पाणी व गॅस दोन्ही जाणणाऱ्या कारागिराचे एक छोटे, स्वतंत्र प्रमाणपत्र काढता येईल. अभ्यासक्रम तयार आहेत, परीक्षा घेणाऱ्या संस्था तयार आहेत, अनुभवी माणसांची चाचणी घेण्याची पद्धतही आहे. नगरपालिकांनी आणि गॅस कंपन्यांनी एकत्र बसून ते सक्तीचे करायला हवे.

तोवर हे काम घरमालकाच्याच माथी आहे. गिझर शक्यतो बाथरूमबाहेर, हवा खेळेल अशा जागी बसवा. आत असलाच तर खिडकी उघडी ठेवा आणि दोन अंघोळींमध्ये तो बंद करा. जोडणाऱ्याला आयटीआयचे किंवा कौशल्य परिषदेचे प्रमाणपत्र आहे का, ते विचारा, आणि असेल तर दोन पैसे जास्त द्या. काम झाल्यावर प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, ते त्याला तुमच्यासमोर पाहायला लावा. काडी पेटवून गळती शोधणारा मिस्त्री आला असेल, तर त्याला लगेच घराबाहेर काढा आणि एजन्सीला फोन करा.