कांदा किती एकर?

पाण्याचा ताळेबंद रब्बीची पेरणी व्हायच्या आत मांडावा लागतो. रान एकदा पिकाखाली गेलं की तो शिकवणाऱ्या प्रशिक्षणाला अर्थ उरत नाही. म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावात मंडळी सकाळीच विहिरींवर निघाली. टेपला दगड बांधून पाणी किती खोल गेलंय ते मोजलं. काळ्या पाषाणाच्या मुलखात पाणी फटींत आणि झिजलेल्या थरांत साठतं. साठा थोडा, त्यातून शेजाऱ्याने उपसा वाढवला की आपली विहीर उतरते.

मग समाजमंदिरात फळ्यावर गणित. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर. शिवार 1000 हेक्टर, पाऊस 400 मिलिमीटर. झाले 400 कोटी लिटर. आकडा बघून माणसं सुखावली. पण उन्हाने उडालेलं, खरिपाने प्यायलेलं, ओढ्याने नेलेलं वजा होत गेलं आणि जमिनीत मुरलेलं उरलं जेमतेम दहावा भाग, 40 कोटी. माणशी रोज 55 लिटरने 1500 माणसांचे वर्षाला 3 कोटी, गुराढोरांचे 2. उरले 35.

"तात्या, यंदा कांदा किती?" प्रशिक्षक ताईंनी विचारलं. एकेकाने आकडा सांगितला, बेरीज 200 एकरांवर गेली. एकरी 25 लाख लिटर धरले तरी 50 कोटी.

"म्हणजे मे महिन्यात टँकर," मागून एक बाई म्हणाली, "आणि हंडे घेऊन आम्हीच उभ्या."

चर खोदणं, झाडं लावणं लागतंच. पण श्रमदानाने कुणाचं उत्पन्न घटत नाही, पीक बदलल्याने घटू शकतं. खरं प्रशिक्षण इथे सुरू होतं, असं मला ठामपणे वाटतं. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या हिवरे बाजार गावात पाऊस मोजून ग्रामसभा पिकं ठरवते, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. बघायला जाणारे बंधारे बघून येतात. बघायची ती ग्रामसभा.

हरभऱ्याला निम्मं पाणी लागतं, पण भाव लागला तर कांद्याइतका पैसा त्यात नाही, हे ताईंनी लपवलं नाही.

"माझे दोन एकर हरभऱ्याला लिहा," तात्या म्हणाले. "पण वरच्या आळीचे बोअर चालूच राहणार असतील, तर माझं वाचलेलं पाणी त्यांच्याच कांद्याला जाईल."

त्यावर चर्चा बराच वेळ अडली. अखेर 30 एकर हरभऱ्याखाली लिहिले गेले, तूट 15 कोटींवरून 11 वर आली, आणि बोअरचा विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर गेला.