गाण्यांचा क्रम सर्व्हर बिघडवत नाही

घरातल्या संगणकावर किंवा राउटरला जोडलेल्या हार्ड डिस्कवर गाणी साठवून ती वायफायवरून टीव्हीवर, मोबाइलवर किंवा स्पीकरवर ऐकवणाऱ्या व्यवस्थेला होम म्युझिक सर्व्हर म्हणतात. जेलीफिन, नॅव्हिड्रोम, मिनीडीएलएनए ही त्यासाठीची मोफत सॉफ्टवेअर आहेत. भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या घरच्या साठ्यात सीडीवरून उतरवलेले गीतरामायण असते, अभंग असतात आणि मंडईच्या म्हणजे गावच्या जत्रेच्या रात्री मोबाइलवर टिपलेले झाडीपट्टीचे नाटकही असते. या तिन्हींबद्दल तक्रार एकच ऐकू येते, गाणी मागेपुढे वाजतात.

गैरसमज : फाइलच्या नावापुढे क्रमांक टाकले की गाणी त्याच क्रमाने वाजतात, तरीही वाजली नाहीत तर सर्व्हर बिघडलेला आहे.

हा समज सगळ्यात पक्का आहे आणि सगळ्यात जास्त वेळ वाया घालवणाराही तोच आहे. लोक रात्र रात्र बसून फाइलींची नावे बदलतात, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात, नवा राउटर आणतात. क्रम तसाच राहतो, कारण तो मुळात फाइलच्या नावात नसतो.

ऑडिओ फाइलच्या आत आवाजाखेरीज माहितीची एक छोटी पाटी असते, तिला टॅग म्हणतात. एमपी३ फाइलींसाठी आयडी३ हा टॅग १९९६ मध्ये आला, तेव्हा त्यात गाण्याच्या क्रमांकाला जागाच नव्हती. पुढच्या वर्षी शेऱ्यासाठी राखलेल्या ३० बाइटांपैकी दोन कापून घेऊन ती जागा करण्यात आली. त्यानंतरच्या आयडी३व्ही२ मध्ये ट्रॅक क्रमांकाचा आणि डिस्क क्रमांकाचा असे दोन वेगळे रकाने आले. फ्लॅक फाइलींतही हे दोन्ही असतात. सर्व्हर अल्बम लावतो तो हे रकाने वाचून. नॅव्हिड्रोमच्या अधिकृत माहितीपत्रकातही हेच आहे : अल्बमची मांडणी फोल्डर किंवा फाइलच्या नावावरून नाही, टॅगवरून होते.

ट्रॅक क्रमांकाचा रकाना रिकामा असेल तर बरीच सॉफ्टवेअर गाण्याच्या शीर्षकाची अकारविल्हे लावतात किंवा फाइलच्या नावाकडे वळतात. नावाकडे वळली तरी त्यातला आकडा ती आकडा म्हणून वाचतीलच असे नाही. अक्षर अक्षर जुळवले तर १ नंतर १०, ११ असे १९ पर्यंत जाऊन मगच २ येतो. विंडोज मात्र एक्सपीपासून फोल्डरमधल्या फाइली खऱ्या अंकक्रमाने दाखवते. पडद्यावर सगळे नीट दिसते, टीव्हीवर उलटेपालटे वाजते आणि दोष सर्व्हरच्या माथी येतो.

गीतरामायणाचे काय होते ते पाहावे. ग. दि. माडगूळकरांची ही मालिका सुधीर फडके यांच्या संगीतात पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला सुरू झाली. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभरात ५२ गीते व्हायची, पण त्या वर्षी अधिक मास आला आणि ती ५६ झाली. या ५६ फाइलींना नुसते १ ते ५६ असे आकडे देऊन अक्षरक्रमाने वाजवले, तर १२ वे, म्हणजे सीतास्वयंवराचे गीत चौथे वाजते. वनवासाला निघालेल्या रामाच्या १९ व्या गीतानंतर अयोध्यानगरीचे वर्णन करणारे दुसरे गीत लागते. समारोपाचे ५६ वे गीत ५२ व्या जागी येते आणि त्यानंतर लगेच सहावे, रामजन्माचे! कथेच्या ओघावर उभ्या असलेल्या रचनेची याहून मोठी मोडतोड नाही.

नावे बदलायचीच असतील तर ०१, ०२ अशी सुरुवात करावी. पण खरा उपाय टॅग भरणे हाच. एमपी३टॅग किंवा किड३ या मोफत साधनांत सगळ्या फाइली निवडून, योग्य क्रमाने लावून, एका आदेशात ओळीने क्रमांक देता येतात. नावात आकडे आधीच असतील तर ते तिथून टॅगमध्ये उतरवताही येतात. काम मिनिटांचे आहे.

गैरसमज : ट्रॅक क्रमांक भरले की काम संपले.

एका डिस्कच्या अल्बमसाठी हे खरे आहे. अनेक डिस्कांच्या संचात प्रत्येक डिस्क १ पासून सुरू होते. डिस्क क्रमांक नसेल तर सगळ्या डिस्कांची पहिली गाणी एकापाठोपाठ वाजतात, मग सगळी दुसरी. झाडीपट्टीच्या नाटकालाही हाच रकाना उपयोगी पडतो. मोबाइलने दिलेल्या फाइलच्या नावात बहुधा तारीख आणि वेळच असते. तिथे नाटकाचे नाव अल्बममध्ये, अंक डिस्क क्रमांकात आणि प्रवेश ट्रॅक क्रमांकात लिहावा. मग दुसऱ्या अंकातला पहिला प्रवेश पहिल्या अंकात घुसत नाही.

गैरसमज : एका अल्बमचे तुकडे झाले म्हणजे फाइली हरवल्या.

आकाशवाणीवरच्या मूळ गीतरामायणात माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे अनेक गायक होते. अशा ध्वनिमुद्रणात 'अल्बम कलाकार' हा रकाना रिकामा राहिला तर काही सर्व्हर गायकागणिक वेगळा अल्बम करतात. सगळ्या फाइलींत त्या रकान्यात एकच नाव लिहिले की अल्बम पुन्हा एकसंध होतो.

काही किरकोळ समज

टॅग बदलल्याने आवाजाचा दर्जा घसरतो : नाही. टॅग आवाजापासून वेगळ्या भागात असतो, आवाजाला हातही लागत नाही.

देवनागरी नावांमुळे क्रम बिघडतो : नाही. प्रश्नचिन्हे दिसली तर टॅग जुन्या पद्धतीचा आहे. आयडी३व्ही२ मध्ये युनिकोड चालतो. ट्रॅक क्रमांक मात्र इंग्रजी आकड्यांतच लिहावा.

सीडीवर गाण्यांची नावे असतातच : बहुतेक सीडींवर नसतात. उतरवणारे सॉफ्टवेअर ती म्युझिकब्रेन्झसारख्या इंटरनेटवरच्या संग्रहातून आणते, म्हणून तिथली चूक घरातही येते.

पेनड्राइव्हवर गाडीत नीट वाजले म्हणजे टॅग बरोबर आहेत : आवश्यक नाही. कित्येक साधी यंत्रे फाइली ज्या क्रमाने पेनड्राइव्हवर लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात.

बदल लगेच दिसला नाही म्हणजे तो जतन झाला नाही : सर्व्हर टॅग एकदा वाचून स्वतःच्या नोंदवहीत ठेवतो. टॅग बदलल्यावर संग्रह पुन्हा तपासण्याचा आदेश द्यावा आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत थांबावे.