पाणी वळवले, शैवाल वाढले

चीनमधील हान नदीचे पाणी वुहानच्या दिशेने खाली येताना हिवाळ्याच्या अखेरीस कधीकधी तपकिरी होते. हा गाळ नव्हे; डायटम या सूक्ष्म शैवालाची ती बेसुमार वाढ असते. काठच्या शहरांच्या नळयोजना याच पाण्यावर चालतात आणि डायटममुळे शुद्धीकरण केंद्रांचे गाळणथर तुंबतात.

या वाढीची पहिली नोंद १९९२ मधली, म्हणजे पाणी उत्तरेकडे वळवण्यापूर्वीची. शेतीतून आणि सांडपाण्यातून येणारा फॉस्फरस नदीत तेव्हाही होताच. डिसेंबर २०१४ मध्ये हानवरील दानजियांगकोउ धरणातून बीजिंगपर्यंत पाणी जाऊ लागले. नियोजन वर्षाला सरासरी ९.५ अब्ज घनमीटरचे. खालच्या नदीत पाणी घटले, फॉस्फरस मात्र राहिला. प्रवाह मंदावला की वाहून जाण्याआधी शैवालाला वाढण्यास अवधी मिळतो. वुहानला यांगत्सेची पातळी चढलेली असेल, तर हानचे पाणी आणखी तुंबते.

भरपाईसाठी त्याच वर्षी यांगत्सेपासून हानपर्यंत ६७ किलोमीटरचा कालवा सुरू झाला. त्याने वेग वाढतो, पण कालवा जेथे मिळतो त्याच्या खालीच. शिवाय यांगत्सेचे पाणी स्वतःचा फॉस्फरसही आणते. २०१८ मध्ये शैवाल पुन्हा फोफावले. अशा वेळी तातडीचा एक उपाय असतो: धरणातून काही दिवस जादा पाणी सोडणे. नेमके तेच पाणी उत्तरेलाही हवे असते.