आधी नळी, मग पंप

सकाळी साडेआठ. गाडी रात्रीच आणून लावायला सांगितली होती आणि सकाळी कुणी किल्लीला हात लावायचा नाही, अशी तंबीही दिली होती. या दुखण्याचं निदान थंड इंजिनावरच होतं. 1979 ची मर्सिडीज 240 डी. चार सिलिंडर, 2.4 लिटरचं डिझेल इंजिन, कॉम्प्युटर नावालाही नाही. सिलिंडर तापवणारे हिटर लावले, स्टार्टर मारला. बराच वेळ नुसतीच घरघर, मग एका सिलिंडरने पकडलं, दोन झटके, पांढऱ्या धुराचा लोट आणि मिनिटभरात इंजिन एकदम सरळ. बंद करून लगेच लावली तर अर्ध्या सेल्फात चालू.

मालक निवृत्त गृहस्थ. म्हणाले, "मिस्त्री, आधीच्या गॅरेजवाल्याने पंप उतरवून कॅलिब्रेशनला टाका म्हणून सांगितलंय."

"काका, झिजलेला पंप गरम झाल्यावर जास्त रडतो. ही तर गरम झाली की शहाणी होते. रात्रभरात हवा घेते ही."

हिटर मी आदल्या रात्रीच तपासले होते, चारही धडधाकट. राहता राहिल्या नळ्या. टाकी मागे, इंजिन पुढे. मोठ्या पंपाच्या कुशीला बसवलेला छोटा फीड पंप डिझेल ओढून आणतो. या ओढीच्या बाजूला नळीला चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमिनीवर थेंब नाही, बॉनेटखाली वास नाही, म्हणून कुणाला संशयही येत नाही. गाडी उभी राहिली की त्या चिरेतून हवा शिरते, डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी पंपाच्या तोंडी हवा येते. नोझल उघडायला शंभराहून जास्त बार दाब लागतो. डिझेल दबत नाही म्हणून तो तयार होतो. हवा दबते, म्हणून नोझल मिटलेलंच राहतं.

सव्वानऊला पुरावा. फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला आणि इंजिन चालवलं. बुडबुड्यांची माळच्या माळ. काकांना वाकून बघायला लावलं. ते काही बोलले नाहीत, पण पंपाचा विषय तिथेच संपला.

मग तासभर नळ्यांच्या जोडांची नुसती धुलाई. ब्रश, डिझेल, कॉम्प्रेसरची हवा. पोऱ्याला हे काम कमीपणाचं वाटतं; त्याला पाना हातात घ्यायची घाई. पण पंपातले प्लंजर ज्या फटीत चालतात ती केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक असते. नळी काढताना धुळीचा एक कण उघड्या तोंडात गेला, तर मग खरोखरच पंप उतरवावा लागेल. म्हणून नळी सुटली की लगेच तोंडाला बूच.

साडेदहा. रिटर्नच्या नळ्या. नोझलमधून उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या, करंगळीहून बारीक, वर कापडी वीण. एका नोझलकडून दुसऱ्याकडे जातात आणि शेवटच्या नोझलवर बंद टोपी. वरून बघितलं तर काळवंडलेल्या, पण धड. एक नळी ब्लेडने उभी चिरून उघडली आणि पोऱ्यापुढे धरली: आतलं रबर उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारखं तडकलेलं, नखाने खरवडलं की काळी पूड. वीण शाबूत असते म्हणूनच ही नळी माणसाला फसवते. ओढून मात्र काढायची नाही. नोझलचं नाजूक टोक तुटलं तर खर्च आपल्या गळ्यात. चिरायची आणि सोलून काढायची. पुढे टाकीकडून फीड पंपाकडे येणारी जाड नळी निघाली. क्लिपखाली दबलेल्या जागी तिला पूर्ण गोल चीर. बुडबुड्यांचं मूळ हेच असणार.

सामानाला नाना पेठ. दुपारी एकाच्या आत पोचायचं, हे पुण्यात सांगायला नको. या गाडीचं एक नशीब असं की हेच ओएम 616 इंजिन बजाज टेम्पोने पुढे ट्रॅक्समध्ये बसवलं, त्यामुळे वॉशर, हँड पंप असलं बारीकसारीक मिळून जातं. नळी मात्र डिझेलचीच घ्यायची. हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक नळी तपासणीपुरती ठीक. कायमची घातली तर पिवळी पडते, कडक होते आणि वर्षभरात पुन्हा तेच रडगाणं.

जेवण उरकून अडीचला बसवणी. नळीच्या तोंडाला डिझेलचं बोट लावलं की ती सरळ चढते. जाड नळ्यांना क्लिप बेताची आवळायची. ताकद दाखवायला गेलं की तीच क्लिप रबर कापते. बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर सगळे नवे. जुने वॉशर लाल तापवून पाण्यात बुडवले की मऊ होतात, हे खरं. पण ती युक्ती आडरानात अडकल्यावर वापरायची. पंपाकडून नोझलकडे जाणारे लोखंडी पाइप वाकवायचे नाहीत आणि त्यांना एकत्र धरणारे क्लॅम्प विसरायचे नाहीत, नाहीतर थरथरीने पाइपच तडकतात. जुना हँड पंप बुडाशी ओला दिसला, तोही बदलला.

चार वाजता हवा काढणं. माझ्या मते सगळ्या कामातला हाच खरा भाग आणि इथेच लोक घाई करतात. हँड पंपाची मूठ सैल करून मारत राहायचं. आधी हाताला पोकळ लागतं, मग हळूहळू वजन येतं, शेवटी मोठ्या पंपाच्या ओव्हरफ्लोतून बारीक सूं ऐकू येतो. मग मूठ नीट आवळायची. त्यानंतर नोझलजवळचे नट सतराच्या पान्याने थोडे ढिले करून स्टार्टर. आधी फेस आला, मग फेस आणि डिझेल, मग निव्वळ डिझेल. एकेक नट आवळत गेलो. स्टार्टर सलग दाबून धरायचा नाही, मध्ये दम खाऊ द्यायचा. पोऱ्याने ओला नट बघून बोट पुढे केलं, तेव्हा मी ओरडलोच. दाबाखालचं डिझेल कातडी फोडून आत घुसतं. वरून टाचणीएवढं दिसतं आणि आत बोट सडतं. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा. आणि चुकून घुसलंच, तर मलम लावत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल.

तीन सिलिंडर आधी लागले, चौथा थोडा वेळ ठोकत राहिला, मग तोही रांगेत आला. पारदर्शक तुकड्यात डिझेल अखंड. तो काढून नवी नळी जोडली, पुन्हा हँड पंप मारला.

साडेपाचला कात्रजचा जुना घाट. सपाटीवर कुठलीही गाडी चालते. ओढ कमी पडते ती चढावर, पाय पूर्ण दाबला की. बोगद्यापर्यंत एकदाही दबली नाही.

सात वाजता गाडी गॅरेजच्या उतारावर तोंड वर करून लावली. टाकी खाली, इंजिन वर. कुठे हवा शिरत असेल तर रात्रीतून डिझेल हमखास उतरेल. काकांना सांगितलं, "उद्या साडेआठला या. पहिला सेल्फ तुम्हीच मारा, पैसे त्यानंतर."

तुमच्याकडे जुनी ट्रॅक्स असो, जीप असो की अशी मर्सिडीज, सकाळी उशिरा लागत असेल आणि कुणी पंप उतरवायला सांगत असेल, तर आधी फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळी जोडून बुडबुडे दाखवायला सांगा. पंधरा मिनिटांचं काम आहे.